खिडक्या बदलण्याआधी त्या घरात एक उन्हाळा काढा

घराची किल्ली हातात आली त्या संध्याकाळी मी शाळेतून आणलेल्या खडूने प्रत्येक खिडकीच्या चौकटीवर आकडा घातला. खाली चार, वर तीन, शिवाय न्हाणीघरांचे दोन झरोके. घर धुळ्यात, देवपुरात, १९९३ सालचं. दार पूर्वेला, मागची भिंत पश्चिमेला, उत्तरेला शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत चार फुटांची बोळ. दोन खिडक्या सागवानी, बाकीच्या लोखंडी, गंजून पोट सुटलेल्या. तावदानं कुठे तडकलेली, कुठे पुठ्ठा लावलेला.

ओळखीतल्या सगळ्यांचा सल्ला एकच होता: सगळ्या एकदम काढा आणि स्लायडिंग करून टाका. दुसऱ्याच दिवशी एक फॅब्रिकेटर आला, वीस मिनिटांत सातही मापं घेतली, स्क्वेअर फुटाचा एकच भाव सांगितला आणि सगळीकडे काळी रिफ्लेक्टिव्ह काच सुचवली. आमचे हे ॲडव्हान्स द्यायला तयार होते. सासूबाईंनी थांबवलं. त्यांचं आयुष्य साक्री तालुक्यात मातीच्या सपाट छताच्या, धाब्याच्या घरात गेलं. त्या म्हणाल्या, "आखाजी होऊ दे, ऊन कुठून येतं ते पाहा, मग ठरवा." आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, राहायला आलो आणि खिडक्यांना हात न लावता मे, जून, जुलै काढले. त्या तीन महिन्यांनी आमचे पैसेही वाचवले आणि पुढची चूकही टाळली. म्हणून नवीन घर घेतलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. घाई असेल तर तुटलेली तावदानं बदलून घ्या, कडी-कोयंडे दुरुस्त करा, मच्छरजाळी खिळ्यांनी ठोका. नवीन खिडक्यांची ऑर्डर मात्र त्या घरातला एक उन्हाळा आणि पहिला जोरदार पाऊस बघूनच द्या.

बघायचं काय, तर प्रत्येक खिडकीचं काम. मी एक वही केली. एका पानावर एक खिडकी. सकाळी आठ, दुपारी एक, चार आणि रात्री नऊ, या चार वेळी ऊन किती आत येतं, वारा कुठल्या बाजूने येतो, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला असतो तसा साधा थर्मामीटर काय दाखवतो, एवढंच लिहायचं. मेच्या चौथ्या आठवड्यात दुपारी चारला पश्चिमेच्या वरच्या खोलीत ४१ अंश होतं आणि त्याच मजल्यावर पूर्वेच्या खोलीत ३७. मधे एक भिंत आणि एक दार. हे कळल्यावर सगळ्या खिडक्यांना एकच उपाय ही कल्पनाच मनातून गेली.

त्याचं कारण सोपं आहे, आणि खान्देशात ते नीट समजून घेण्यासारखं आहे. धुळे, जळगाव, भुसावळ ही गावं २१ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. गच्चीवर पाण्याची बाटली उभी केली तर तिची सावली बुडाखालीच राहते. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतच नाही, दीड फुटाचा छज्जा पुरेसा होतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी जेमतेम ४५ अंशांवर असतो. मग तोच छज्जा वरचा दीड फूट झाकतो आणि उरलेल्या खिडकीतून कोवळं ऊन आत येतं. दक्षिणेची खिडकी ही त्यामुळे आपली सगळ्यात गुणी खिडकी आहे, तिच्यावर जास्त खर्च करू नका. उत्तरेला ऊन येत नाही असं आपण धरून चालतो, पण मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेलाही लागतं. आमच्याकडे बोळीतली शेजाऱ्यांची भिंत ते अडवते.

खरा प्रश्न पश्चिमेचा. चारनंतर सूर्य खाली उतरतो, छज्जाखालून सरळ घुसतो, आणि कितीही मोठा छज्जा बांधला तरी साडेपाचचं ऊन अडत नाही. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यातला वाराही पश्चिमेचाच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. म्हणजे ऊन, वारा आणि पुढे पाऊसही एकाच खिडकीतून. ती बुजवली तर रात्रीचा वारा गेला, उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत खोलीची भट्टी. बाजारातल्या कुठल्याही काचेने हा पेच पूर्ण सुटत नाही. तो सुटतो काचेच्या बाहेर. ऊन काचेतून आत आलं की पडद्यावर पडतं, पडदा तापतो, आणि त्या तापलेल्या पडद्याची उष्णता काच बाहेर सोडत नाही. जाड पडद्याने अंधार होतो, गारवा फारसा मिळत नाही. ऊन काचेपर्यंत पोचूच द्यायचं नाही, हे सूत्र. आम्ही पहिल्या वर्षी मिरचीच्या आणि केळीच्या रोपवाटिकांवर असते ती हिरवी शेडनेट घेतली आणि छज्जाच्या टोकापासून खाली तिरपी बांधली, भिंतीपासून हातभर अंतर सोडून. वारा चालू राहिला आणि दुपारचा ४१ चा आकडा ३८ वर आला. खिडकीची ऑर्डर देण्याआधी हा प्रयोग जरूर करा. नंतर तिथे बांबूची चिक लावा नाहीतर कायमचं लोखंडी छत करा, पण त्याचे हूक भिंतीत कुठे बसणार हे नवीन खिडकीच्या आधी ठरलेलं हवं.

जुलैत वहीला दुसरी बाजू मिळाली. पाऊस आला की प्रत्येक खिडकीच्या खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि पाणी नेमकं कुठून येतं ते बघायचं. आमच्या चार नंबरच्या खिडकीत पाणी येत होतं ते चौकटीतून नव्हे, छज्जाच्या खालच्या बाजूने ओघळून. छज्जाच्या कडेला खालून बोटभर रुंदीची खाच असली तर थेंब तिथेच तुटतो. इथे ती प्लास्टरने बुजली होती. खिडकी नवीन बसवून ही गळती थांबलीच नसती. गवंड्याने अर्ध्या दिवसात ती खाच मोकळी केली.

काळ्या जमिनीवरच्या घरांत आणखी एक गोष्ट तपासायची. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्याची पहिली खूण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या तड्यात दिसते. जुनी खिडकी घट्ट बसते, उघडत नाही, म्हणून आपण खिडकीला दोष देतो, पण चौकट चेपलेली असते भिंतीमुळे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारा, तारीख घाला. दोन-तीन महिन्यांत तडा रेघेच्या पुढे गेला तर आधी इंजिनिअरला दाखवा, खिडकी नंतर. आमचा तडा जागेवरच राहिला. तरी वरच्या सात नंबरपाशी जुनी चौकट काढण्याआधी मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवून बघितली आणि म्हणाले, "ताई, आठे भीत पोकय शे." म्हणजे इथे भिंत पोकळ आहे. त्यांनी तिथलं प्लास्टर आधी उतरवलं, दोन विटा नव्या बसवल्या, मगच पुढचं काम केलं. असा माणूस मिळाला तर त्याला घाई करू नका.

आता कुठली खिडकी ठेवायची. सागवानी चौकटीचे खालचे दोन कोपरे टोच्याने टोचून बघा. टोच्या आत गेला तर लाकूड कुजलंय नाहीतर वाळवीने पोखरलंय, अडला तर लाकूड चांगलं आहे. आमच्या एक आणि पाच नंबरच्या, म्हणजे पूर्वेच्या दोन्ही खिडक्या ठणठणीत निघाल्या. सुताराने झडपा खाली रंधल्या, बिजागऱ्या बदलल्या, नवीन तावदानं बसवली, तेलाचे दोन हात दिले. तीस वर्षं मुरलेलं सागवान काढून टाकणं मला पटत नाही. तो पैसा पश्चिमेवर लावा. लोखंडी पाचही मात्र बदलाव्या लागल्या. सगळ्या मिळून साडेअठ्ठ्याहत्तर स्क्वेअर फूट.

कूलरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खिडक्यांचा विचार करताना तो विसरला जातो आणि मग मे महिन्यात नवीन खिडकीची जाळी कापावी लागते. खान्देशात एक खिडकी कूलरची असतेच. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, ओली करून आत ढकलतो, म्हणून त्याचं तोंड आत आणि अंग बाहेर हवं, आणि तो सावलीत हवा. आमच्यासाठी उत्तरेच्या बोळीतली दोन नंबरची खिडकी ठरली. पंख्याच्या आवाजाचा त्रास व्हायला नको म्हणून शेजारच्या काकांना आधी विचारलं. कूलरच्या तोंडाचं माप घेऊन त्या मापाचा तुकडा ग्रिलमध्ये वेगळा, बिजागरीवर, आतून कुलपाचा करून घेतला. पावसाळ्यात कूलर काढला की तुकडा बंद. स्टँडचं वजन खिडकीच्या चौकटीवर येता कामा नये, ते भिंतीवर घ्या. या खिडकीला लोखंड आणि लाकूड दोन्ही टाळा. पाणी सतत उडतं आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. इथे यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, योग्य. आणि समोरच्या बाजूची खिडकी चांगली वीतभर उघडी राहील अशीच घ्या. आत आलेली ओली हवा बाहेर गेली नाही तर खोली गार होत नाही, नुसती चिकट होते.

म्हणूनच डबल काचेच्या महागड्या खिडक्यांबद्दल मी विचारांती नाही म्हटलं. दोन काचांमधल्या बंद हवेच्या थरामुळे बाहेरच्या गरम हवेची उष्णता आत येण्याचं प्रमाण साध्या काचेच्या निम्म्यावर येतं, हे खरं आहे. पण ते खिडकी बंद असेल तरच. कूलरच्या घरात खिडकी उघडीच असते. एखाद्या खोलीत एसी लावून ती दिवसभर बंद ठेवणार असाल, किंवा घर हायवेला लागून असेल आणि ट्रकच्या आवाजाने झोप येत नसेल, तर त्या एका खोलीपुरती डबल काच घ्या.

उघडायची पद्धत ठरवताना एक हिशोब करा. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण, कोरड्या प्रदेशासाठी खिडक्यांचं क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या किमान एक दशांश सांगितलं आहे. मी त्याहून कडक राहिले आणि हा आकडा प्रत्यक्ष उघडणाऱ्या भागाला लावला. सासूबाईंची खोली १० बाय १२, म्हणजे १२० स्क्वेअर फूट. उघडणारी जागा हवी १२. खिडकी ४ बाय ४, म्हणजे १६. दोन काचांची स्लायडिंग केली तर कधीही निम्मीच उघडते: ८. झडपांची केली तर सगळी. म्हणून चार नंबरला झडपा. वरच्या सहा नंबरला, मुलाच्या अभ्यासाच्या खोलीत, मी उलट निर्णय घेतला. ती ५ बाय ४ ची आहे, ५ मिलिमीटर काचेचं वजनच तेवीस किलोच्या घरात जातं, आणि एवढ्या उंचीवर पश्चिमेच्या वावटळीत बाहेर उघडणाऱ्या झडपा आपटून फुटायची भीती. शिवाय बाहेरून पुसणार कोण? तिथे तीन ट्रॅकची स्लायडिंग, दोन काचा आणि एक जाळी. खोलीला दुसरी खिडकी असल्याने वाऱ्याचं भागतं. झडपा कुठेही करा, पण उघड्या झडपेला जागेवर धरून ठेवणारा मजबूत आकडा घ्या. वीस-तीस रुपयांच्या आकड्यासाठी काच घालवू नका.

ग्रिलचा विचार झडपेबरोबरच करावा लागतो. झडप बाहेर उघडणार असेल तर ग्रिल आत, आणि जाळी त्याच्याही आत, खोलीकडे उघडणारी. मग झडप लावायला जाळी उघडून गजांतून हात घालायचा. गजांमधलं अंतर हात जाईल इतकं, पण लहान मूल असेल तर चार इंचांपेक्षा जास्त नको. ग्रिल बाहेरच हवं असेल तर झडप आत उघडेल आणि पडदा, टेबल सगळं अडवेल. हे कागदावर काढून बघा. आणि प्रत्येक मजल्यावर एका खिडकीचं ग्रिल कुलूप काढून पूर्ण उघडणारं ठेवा, किल्ली तिथेच, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या खिळ्याला. आग लागली तर दाराशिवाय दुसरी वाट हवी. चोराची भीती आपल्याला रोज वाटते, आगीची वाटत नाही, पण माझ्या मनात ही गोष्ट ग्रिलच्या नक्षीपेक्षा खूप वरची आहे.

काच कुठली? काळी रिफ्लेक्टिव्ह काच दिवसा बाहेरच्याला आत बघू देत नाही. पण रात्री आत दिवा लागला की उलटं होतं, आतलं सगळं बाहेरून दिसतं, त्यामुळे पडदा लागतोच. आणि पावसाळ्यात दुपारीही दिवा लावून वाचावं लागतं. पश्चिमेच्या दोन खिडक्यांना आम्ही हलक्या छटेची काच घेतली, बाकी साधी पारदर्शक. जिथे पोरं धडकू शकतात किंवा काच खाली रस्त्यावर पडू शकते तिथे टफन काच घ्या. ती फुटली तर धारदार पाती होत नाहीत, बारीक बोथट तुकडे होतात. प्रत्येक टफन काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो, तो बसवण्याआधी बघा. मात्र एकदा टफन झालेली काच परत कापता येत नाही. याचा धडा मला स्वयंपाकघरात मिळाला. मापं दिल्यावर मी तीन नंबरच्या खिडकीखाली ग्रॅनाइटची पट्टी बसवायची ठरवली. पट्टी आणि तिच्या खालचा माल मिळून उंची जवळपास दीड इंचाने कमी झाली, तयार काच बसेना, नवी करून येईपर्यंत बारा दिवस तिथे प्लास्टिकचा कागद होता. खालची पट्टी, टाइल, प्लास्टर, सगळं आधी, माप शेवटी.

ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी यावर लोक तासन्‌तास बोलतात, मी थोडक्यात सांगते. ॲल्युमिनियममधून उष्णता प्लास्टिकच्या हजार पटींहून जास्त वेगाने जाते, पण चौकट खिडकीचा छोटा भाग आहे, मोठा भाग काच. दुसरीकडे तापमानाने यूपीव्हीसी ॲल्युमिनियमच्या तिप्पट लांबतं. धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी असतो आणि मेमध्ये ४३-४४ वर जातो. पाच फुटांची यूपीव्हीसी पट्टी चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे ४ मिलिमीटर लांबते, ॲल्युमिनियमची दीड. म्हणून यूपीव्हीसी भिंतीला घट्ट ठोकून बसवू देऊ नका, चारी बाजूंना फट ठेवून ती सिलिकॉनने भरायला सांगा. आत लोखंडी पट्टी आहे का ते कापलेल्या तुकड्यात बघा. रुंद आणि उन्हातल्या सहा नंबरला मी पांढरं पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम घेतलं, बाकी चारांना पांढरं यूपीव्हीसी. गडद रंग पश्चिमेला नकोच, तो जास्त तापतो.

कोटेशन तिघांकडून घ्या, पण तिघांना एकच कागद द्या. माझ्या कागदावर प्रत्येक खिडकीचं चित्र होतं: नंबर, आतून बघताना कुठली झडप कुठे उघडते, काच किती मिलिमीटर, जाळी कशाची, ग्रिल कुठे. त्याशिवाय भावांची तुलना होतच नाही. मला सगळ्यात स्वस्त वाटलेल्या भावात जाळी, जुनी चौकट काढणं आणि जीएसटी धरलेलाच नव्हता, आणि १८ टक्के म्हणजे लहान रक्कम नव्हे. मापाबद्दलही विचारा. ३ फूट ९ इंचांची चौकोनी खिडकी ४ फूट धरली की १४ च्या जागी १६ स्क्वेअर फुटांचे पैसे जातात. माप मिलिमीटरमध्ये, रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी, त्यातलं सगळ्यात लहान धरायचं. दोन्ही कर्णही मोजायचे, ते सारखे नसतील तर भोक गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत.

जुनी चौकट ठेवून तिच्या आतच नवी खिडकी बसवायचा पर्याय स्वस्त पडतो आणि भिंत फुटत नाही. पण प्रत्येक बाजूला अडीच इंच गेले तर ४ बाय ४ च्या खिडकीचा पाचवा हिस्सा जातो. आणि चौकट काढायची तर जुन्या घरांत गज चौकटीतच ओवलेले असतात, चौकटीबरोबर तेही जातात. नव्या ग्रिलचा खर्च त्यामुळे आधीच धरा. प्लास्टर कोण करणार, राडारोडा कोण उचलणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. भोक मोठं करायची इच्छा झाली तर लिंटेलचा, म्हणजे खिडकीवरच्या भिंतीचं वजन पेलणाऱ्या आडव्या तुळईचा, प्रश्न येतो, तिथे इंजिनिअरशिवाय हातोडी लावू नका. फ्लॅट असेल तर बाहेरून दिसणाऱ्या बदलाला सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

सासूबाईंना कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, आधी सगळं हवं होतं, श्रावणात. घर रंगवून कानबाई बसवायची पद्धत. पण भर पावसात भिंती फोडणं धोक्याचं, ओल्या कडांना सिलिकॉन धरत नाही. त्यांना समजावलं, आतून चुना मारून घेतला, आणि ऑर्डर गणपतीत देऊन काम नवरात्रानंतर केलं. दिवाळी तोंडावर आली की कारागीर मिळत नाहीत, हे लक्षात ठेवून तारीख पक्की करा. एका दिवशी एकच मजला काढू द्या, म्हणजे रात्री झोपायला एक बंद मजला राहतो.

बसवताना मी शाळेतून रजा घेऊन उभी राहिले, तुम्हीही कुणीतरी उभं राहा. तीन गोष्टी बघा. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार आहे का. ट्रॅकची पाणी निघायची भोकं उघडी आहेत का, सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजली तर नाहीत ना. आणि पाइपने बाहेरून दहा मिनिटं पाणी मारून आत वर्तमानपत्र कोरडं राहतं का. आमचं सहा नंबरला भिजलं, एका कोपऱ्यात रबर कमी पडलं होतं. दहा टक्के रक्कम मी हातात ठेवली होती, दुसऱ्याच दिवशी माणूस आला आणि रबर बदलून गेला.

न्हाणीघरांचे झरोके अजून जुनेच आहेत. त्यांना काचेच्या आडव्या पट्ट्या आणि वर एक्झॉस्ट पंख्याचं गोल भोक करायचंय. पंख्याचं माप घेऊन ठेवलंय, आणि टाइल बदलून झाल्याशिवाय ऑर्डर देणार नाही.